पहिला जुना पाइप: डनहिल की पीटरसन?

तंबाखू ओढण्याच्या जुन्या ब्रायर (एका झुडपाच्या मुळाचे कठीण लाकूड) पाइपांचा संग्रह सुरू करणाऱ्यापुढे लंडनची डनहिल आणि डब्लिनची पीटरसन ही दोन नावे हमखास येतात. नुसत्या दिसण्यावरून निवड करू नये. हातातला पाइप आपला काळ किती स्पष्टपणे सांगतो, हे आधी पाहावे.

आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले आणि १९१० मध्ये पाइप स्वतः घडवायला घेतले. मुखनळीवरचा पांढरा ठिपका ही त्यांची ओळख ठरली, आणि वाळूच्या माऱ्याने लाकडाचा मऊ भाग झिजवून उठावदार रेषा मोकळ्या करणाऱ्या 'शेल ब्रायर'ने १९१७ पासून पाइपाचे रूपच बदलले. संग्राहकाला मात्र सर्वाधिक उपयोगी पडतो तो 'मेड इन इंग्लंड' या ठशानंतरचा बारीक अंक, कारण त्यावरून निर्मितीचे वर्ष निघते. तोच अंक निरनिराळ्या दशकांत पुन्हा येत असल्याने त्याच्यासोबत पेटंट क्रमांक आणि इतर ठसेही वाचावे लागतात. फार पॉलिश करून ते पुसट झालेला पाइप कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

पीटरसनची ओढ वेगळी आहे. लाटव्हियातून आलेले चार्ल्स पीटरसन डब्लिनमध्ये काप घराण्याच्या व्यवसायात सामील झाले, आणि १८९० च्या पेटंटने त्यांची 'सिस्टिम' रचना पुढे आली: वाटीलगत दांडीत एक पोकळी ठेवलेली असते, तिच्यात ओलावा साठतो आणि धूर कोरडा राहतो. १८९८ च्या 'पी-लिप'मध्ये मुखनळीचे छिद्र वरच्या बाजूला आले, त्यामुळे धूर जिभेवर न जाता टाळूकडे वळतो. शिवाय 'आयरिश फ्री स्टेट', 'एअरे', 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हे देशाच्या बदलत्या नावांचे ठसे १९२२, १९३७ आणि १९४९ ची राजकीय स्थित्यंतरे लाकडावर जपून ठेवतात, असा इतिहास डनहिलकडे नाही. मात्र या ठशांवरून काळ ढोबळच ठरतो. नेमके वर्ष हवे असेल, तर चांदीच्या पट्टीवरचे डब्लिनच्या हॉलमार्कमधले (चांदीच्या शुद्धतेच्या ठशातले) वर्षदर्शक अक्षर शोधावे लागते.

पीटरसन कंपनी २०१८ मध्ये अमेरिकन मालकीकडे गेली, तरी पाइप अजून डब्लिन परिसरातच बनतात. पहिलीच खरेदी असेल, तर चांदीची पट्टी शाबूत असलेला पीटरसन घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. डनहिलचा पाइप ठसे वाचण्याचा सराव झाल्यावर घ्यावा.