पाणी शिरलेल्या गाडीला ‘इंटिरियर डीप क्लीनिंग’ : पाचपैकी दीड

पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं की वॉशिंग सेंटरवाले साधारण दीड ते अडीच हजारांचं ‘इंटिरियर डीप क्लीनिंग’ गळ्यात मारतात. शाम्पूचा फेस, व्हॅक्यूम, डॅशबोर्डला पॉलिश आणि वर परफ्युमचा फवारा. चहा सांडला, पोर ओकलं, अशा गाडीला हे काम उत्तम. भिजलेल्या गाडीला मात्र पाचपैकी दीडच गुण, तेही व्हॅक्यूमचे.

कारण ओल वर नसतेच. कार्पेटखाली बोटभर जाडीचा फेल्ट किंवा फोम असतो, तो पाणी धरून बसतो. वरचा भाग दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, खालचा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. कुबट वास, बुरशी आणि पत्र्याचा गंज, तिन्हींचं मूळ तिथेच. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. ती वर ओढून कार्पेटची कड उचला आणि खालचा फेल्ट मुठीत पिळा. बोटांमधून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, तर शाम्पूचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. फेसामुळे उलट आणखी थोडं पाणी आत मुरतं.

म्हणून दुकानात एकच विचारायचं: सीटा आणि कार्पेट बाहेर काढणार का? ‘गरज नाही साहेब’ असं उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा. सीटकव्हरवाले हे काम नुसत्या मजुरीवर करतात आणि बहुतेकदा जास्त नीट करतात.

घरी करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पाच-दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या सर्किटचा. तो सुटा असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि तो घालवायला स्कॅनरवाल्याला पैसे मोजावे लागतात. पुढच्या सीटला सहसा चार बोल्ट असतात, बऱ्याच मारुती-ह्युंदाईंना १४ नंबरचा सॉकेट चालतो. कार्पेट अखंड साच्यातलं असतं. मधला कन्सोल काढायचा कंटाळा म्हणून काही जण ते कापतात. मग ते पुन्हा कधीच नीट बसत नाही. फ्लोअरच्या पत्र्यातली रबरी बुचं काढली की साचलेलं पाणी खाली निघून जातं. ती परत घट्ट बसवायला विसरू नका.

गटाराचं पाणी शिरलं असेल तर फेल्ट टाकूनच द्या. सीटकव्हरच्या बाजारात तो मीटरवर मिळतो. नुसतं पावसाचं पाणी असेल तर धुऊन, फेल्टची बाजू वर करून टांगा. कोकणात जुलैतल्या उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा दोन-तीन दिवस टेबलफॅन लावावाच लागतो. पाणी ओढायला ओला-सुका व्हॅक्यूम भाड्याने आणा. घरच्या साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढलं तर मोटर जळते आणि शॉकचाही धोका असतो. बेकिंग सोडा आणि सिलिका जेलच्या पुड्यांचे सल्ले खूप मिळतील, पण लिटरभर पाण्यापुढे त्यांचं काय चालणार?

कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लिनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून सुकवा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून साबणाच्या पाण्याने पुसा, चिमटा लावून वाळेपर्यंत तसाच ठेवा. ब्लीचने रंग उडतो, लोखंड गंजतं.

पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर हे घरचं काम नव्हे. इंजिन सुरू करून बघू नका, साफसफाईच्या आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.

पूर नाही, पाऊस नाही आणि तरी पुढे डाव्या बाजूला पायाशी ओल आहे? मग बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नाही, ही त्याची खूण. ओल दाराच्या बाजूने येत असेल तर दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलाय का ते पाहा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचला तरी पाणी आत उतरतं. कार्पेट परत टाकण्याआधी एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने काचेवर, मग एकेका दारावर दहा-दहा मिनिटं पाइप धरावा. उघड्या पत्र्यावर पहिला ओघळ कुठून येतो ते लगेच दिसतं.