आरव्ही-७ की आरव्ही-९? ढगांतून जायचंय म्हणून विचारतो

टेक्सासातला भाचा सुट्टीत इंदूरला आलाय. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना त्याचा एकच घोळ: घरी स्वतः विमान बांधायला व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या दोन किटपैकी (सुट्या भागांच्या संचांपैकी) कुठलं, आरव्ही-७ की आरव्ही-९?

धड जवळपास सारखंच, फरक पंखांत नि शेपटीत. सातचा पंख २५ फुटी, कलाबाजीसाठी. नऊचा २८ फुटी, कलाबाजीला मनाई. सातची विमान वळवायची दांडी इतकी हलकी, की ढगात रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान खाली घातली की विमान कलायला लागतं. नऊ त्यामानाने शांत, उतरतंही सावकाश. ऑटोपायलट दोन्हींत हवाच.

बांधायची मेहनत सारखीच. खिशाचं म्हणाल तर खरा खड्डा इंजिन आणि उपकरणं पाडतात. सातला २०० अश्वशक्तीपर्यंत चालतं, नऊला १६० ची मर्यादा, म्हणजे तिथे थोडी बचत. इंधन मात्र सातमध्ये ४२ गॅलन, नऊमध्ये ३६. हा गुण सातचा, पर्यायी विमानतळ गाठताना कामाचा. पंखांवर बर्फ धरला तर दोन्ही सारखीच निरुपयोगी.

लूप-रोलची हौस असेल तर सात. बायकोला शेजारी बसवून लांबचा, ढगात बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवरचा प्रवास करायचा असेल तर नऊच घे रे भाऊ. मुलंही न्यायची असतील तर दोन्ही सोड, चार आसनी आरव्ही-१० बघ.