चारशे व्होल्टचा ई-फ्यूज, नऊ महिने आणि दात कोरायची काडी
हे लिहायला बसलो कारण काल पुन्हा सर्व्हरच्या रॅकच्या मागे डोकं घालून ई-फ्यूजचं रीसेट बटण शोधावं लागलं. तेव्हा थोडा राग दिसेल, सांभाळून घ्या. ई-फ्यूज म्हणजे तार वितळण्याऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचने करंट तोडणारं मॉड्यूल. ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको.

आमच्या रॅकला ४०० व्होल्ट डीसी पुरवठा आहे. तीन शेल्फ, प्रत्येकी साधारण ६ किलोवॅट, म्हणजे शेल्फमागे १५ अँपिअर. हेच ४८ व्होल्टवर चालवलं असतं तर १२५ अँपिअर आणि मनगटाएवढी केबल. केबलचं तांबं वाचलं, पण डीसीची कटकट गळ्यात पडली. पन्नास हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसीत शून्य येतच नाही. संपर्क उघडला की ठिणगी लोंबकळत राहते. म्हणून वाळू भरलेले, डीसीसाठीच बनवलेले फ्यूज वापरत होतो. त्यांची डबीभर पुंजी माझ्याकडे आहे आणि ई-फ्यूज घेतले तेव्हा पहिला विचार हाच आला, की आता या डबीचं काय करायचं?

पहिले दोन महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटमधून, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, करंट जातो, मॉड्यूल कोमट राहतं. माझ्या हिशेबाने त्याच्या २० मिलिओहम रोधाला १५ अँपिअरवर साडेचार वॅट जळतात, म्हणजे वर्षाला एका मॉड्यूलमागे ३९ युनिट. काटकसरी माणसाला हे टोचतं. पण साधा फ्यूजही गरम होतोच, हे स्वतःला समजावून गप्प बसलो.

तिसऱ्या महिन्यात खालच्या शेल्फमध्ये चौथा पॉवर सप्लाय बसवला. शेल्फ बंद केला, सप्लाय सरकवला, चालू केला. टप्. लाल दिवा. पुन्हा चालू, पुन्हा लाल दिवा. चौथा काढला की सगळं सुरळीत. सर्व्हिसवाल्यांचं ठरलेलं उत्तर आलं: ‘तुमच्या लोडमध्ये शॉर्ट आहे.’ तोच सप्लाय दुसऱ्या जागी लावला, मजेत चालला. तरी त्यांचं पालुपद तेच. आठ दिवस ईमेलवर भांडलो. मग म्हणाले, मॉड्यूल पाठवून द्या. म्हणजे शेल्फ बंद ठेवून कुरियरची वाट बघायची!

शेवटी रात्री कागद-पेन्सिल घेतली. हे मॉड्यूल मुख्य मॉसफेट चालू करण्याआधी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) हळूहळू भरतं, नाहीतर रिकामे कपॅसिटर पहिल्या झटक्यातच करंट ओढून घेतील. एका सप्लायमध्ये ४७० मायक्रोफॅरड. तीन असले की ९५ टक्के भरायला साधारण ०.४२ सेकंद लागतात, चार असले की ०.५६. आणि कारखान्यातून आलेली मुदत? अर्धा सेकंद. तेवढ्यात व्होल्टेज चढलं नाही की मॉड्यूल समजतं, पुढे शॉर्ट आहे. मुदत एक सेकंद केली आणि प्रकरण मिटलं. सेटिंगचा एक आकडा. आठ दिवस! सर्व्हिसकडून ‘नोंद घेतली आहे’ एवढंच आलं.

या भांडणात मात्र त्यांची एक गोष्ट बरोबर निघाली, तीही लिहितो. ई-फ्यूज ‘बंद’ असताना, पुढे लोड काढलेला असताना, मीटर लावला तर १५० व्होल्ट दाखवतो. मी बोंब मारली की मॉसफेट फुटला. नव्हता फुटला. बंद मॉसफेटमधूनही काही मायक्रोअँपिअर झिरपतात, आणि मीटरचा रोध १० मेगाओहम असला की १५ मायक्रोअँपिअरलाही १५० व्होल्ट दिसतात. पण याचा दुसरा अर्थ असा की ई-फ्यूज बंद केला म्हणून तारेला हात लावायचा नाही. पुढे हाताने उघडायचा आयसोलेटर (संपर्क पूर्ण तोडणारा स्विच) हवाच.

आता ते बटण. ट्रिप झाल्यावर, म्हणजे करंट तोडल्यावर, मॉड्यूल स्वतःहून पुन्हा चालू होत नाही. हे योग्यच आहे, शॉर्टवर पुन्हा पुन्हा व्होल्टेज मारणं हा वेडेपणा. पण रीसेट बटण मागच्या बाजूला, टाचणी जाईल एवढ्या भोकात! भोकापासून वीतभर अंतरावर ४०० व्होल्टचा बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी). माहितीपत्रकात चक्क ‘पेपरक्लिप वापरा’ असं छापलंय. लोखंडी तार, चारशे व्होल्टशेजारी. ज्याने हे लिहिलं त्याने रॅक कधी पाहिला असेल का? मी दात कोरायची लाकडी काडी वापरतो. रॅकच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावून ठेवली आहे. दूरवरून रीसेट होणारं मॉडेलही होतं, पण ते महाग म्हणून मीच नाकारलं होतं. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

यानंतर वाईटच लिहिणार होतो, पण सातव्या महिन्यात खरा शॉर्ट झाला. मधल्या शेल्फची केबल सरकत्या पट्टीखाली चेपून सोलली गेली होती. तारेचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) ५ मायक्रोहेन्री धरलं तर ४०० व्होल्टवर दर मायक्रोसेकंदाला ८० अँपिअर चढतात. मॉड्यूलने दोनेक मायक्रोसेकंदांत तोडलं. करंट तुटल्यावर येणारा व्होल्टेजचा उसळा व्हॅरिस्टरने (जास्तीचं व्होल्टेज शोषणाऱ्या भागाने) गिळला. मला कळलं ते अलर्टवरून, कारण वरचा आणि खालचा शेल्फ जागचे हललेही नाहीत. फ्यूजच्या काळात असाच एक शॉर्ट झाला होता. तार वितळेपर्यंत बसबारचं व्होल्टेज पडलं आणि शेजारचे सर्व्हर रीस्टार्ट झाले. त्या रात्रीच्या तुलनेत हे सुखच.

फ्यूजची डबी मात्र आता कामाला लागली आहे. मॉसफेट खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन खराब होतो, म्हणजे ‘बंद’ म्हणून सांगितलं तरी बंद होत नाही. मग त्याच्या आधी वितळणारा फ्यूज हवा. आता प्रत्येक मॉड्यूलआधी एकेक बसवला आहे. सुरुवातीला मी ते काढून ठेवले होते, हा माझा मूर्खपणा.

चौथ्या शेल्फसाठी हेच घेतलं, या वेळी दूरवरून रीसेट होणारं. कालच बसवलं. पुढच्या बाजूला नावाचं मोठं चकचकीत लेबल आहे. आणि पहिल्यांदा चालू करताना रीसेट दाबावंच लागतं, दूरवरून नाही, हाताने. बटण मागेच आहे.