पॉइन्सेटिया झकास, पण चमकी कागद काढून घ्या

नाताळला केकचा डबा घेऊन कुणाकडे गेलं की समोरूनही केकचाच डबा हातात पडतो. त्याला कंटाळून मी गेल्या वर्षी पॉइन्सेटियाच्या, म्हणजे नाताळात लाल होणाऱ्या झाडाच्या, कुंड्या दिल्या. घोडबंदर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणल्या होत्या. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या माळीदादांशी माझं बरं आहे.

पाच इंची कुंडी २५० रुपये. सहा घेतल्या, वसईपर्यंत टेम्पोचे ३०० वेगळे. माल खरंच चांगला. प्रत्येक झाडाला चार-पाच फांद्या, खालची पानं गडद हिरवी. मी लालभडक बघून उचलत होते तर माळीदादांनी थांबवलं. म्हणाले, "ताई, लाल काय बघता, ती पानंच आहेत. मधे बघा." मधोमध मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे हिरवट-पिवळे गोंडे असतात, खरी फुलं ती. ती मिटलेली असली तर झाड नाताळ ओलांडून पुढेही टिकतं. त्यातून पिवळी पूड सांडायला लागली असली तर लाली उतरणीला लागली म्हणायचं. या सल्ल्याचे पाचपैकी पाच.

आता पॅकिंग. प्रत्येक कुंडीला सोनेरी चमकी कागद, वर लाल रिबीन. दिसायला छान. पण कागदाला खाली एकही भोक नाही. पाणी घातलं की ते कागदात साचतं आणि मुळं त्यातच बसून राहतात. माझ्या जावेने कौतुकाने रोज पेलाभर पाणी घातलं. आठव्या दिवशी पानं पिवळी, दहाव्या दिवशी झाड मान टाकून बसलं. कागद सोडला तर आत आंबूस वास. पॉइन्सेटिया तहानेने मरण्यापेक्षा बुडून जास्त मरतो. बोट मातीत घालावं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी, तेही मोरीत धरून. निथळलं की परत जागेवर. एवढं एका चिठ्ठीवर छापून द्यायला नर्सरीला काय झालं होतं? चिठ्ठी होती, पण तिच्यावर त्यांचा फोन नंबर आणि 'मेरी ख्रिसमस'.

टेम्पोतून उतरवताना दोन फांद्या मोडल्या. त्यातून पांढरा चीक आला, तो माझ्या मनगटाला लागून खाज सुटली. साबणाने धुतल्यावर गेली. काउंटरवरचा मुलगा मात्र "पान खाल्लं तर मूल दगावतं" म्हणून गिऱ्हाइकांना घाबरवत होता. तसं नाही. हे झाड समजतात तेवढं जहाल नाही. मुलाने किंवा मांजराने चावलं तर तोंड चुरचुरेल, फार तर उलटी होईल. तरी कुंडी उंचावर ठेवलेली बरी.

खरी तक्रार पुढची. नाताळ झाला की लोक हे झाड टाकून देतात आणि नर्सरीचीही तीच अपेक्षा दिसते. मला ते पटत नाही. आमच्या जुन्या घरी बावखलाच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला आजीने फांदी खोचून लावलेला पॉइन्सेटिया होता, पत्र्यापर्यंत उंच. दरवर्षी डिसेंबरात आपोआप लाल व्हायचा, त्याला कुणी काही केलेलं मला आठवत नाही. मेक्सिकोत हे मुळात असंच मोठं झुडूप आहे. तिथे याला 'नोचेबुएना' म्हणतात, म्हणजे नाताळची आदली रात्र. पॉइन्सेट हे नाव त्या अमेरिकी राजदूताचं, जो १८२०च्या दशकात मेक्सिकोत होता आणि तिथून झाडं आपल्या घरी पाठवत होता.

म्हणून मी माझी कुंडी आणि नणंदेची कुंडी मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटली, जूनमध्ये मोठ्या कुंडीत बदलली, पावसाळाभर पागोळीपासून लांब वळचणीला ठेवली. मग नणंद तिची घेऊन गेली. दोन्ही झाडं भलतीच लांबुळकी झाली. माळीदादांनी सांगितलं, नर्सरीत वाढ रोखायचं औषध मारतात, म्हणून ती बुटकी दिसतात. मधे पांढरी माशी आली, पानांच्या मागे. कडुलिंबाच्या तेलाच्या फवाऱ्याने गेली.

नोव्हेंबर संपला. माझं झाड मागच्या दारी, परसात, शेंड्याला लाल. नणंदेचं गॅलरीत, हिरवंगार. तिने नर्सरीला फोन केला तर उत्तर आलं, "खत कमी पडलं," आणि १८० रुपयांची पुडी गळ्यात मारली. मी संध्याकाळी तिच्याकडे गेले तेव्हा उलगडा झाला. सोसायटीचा फ्लडलाइट थेट गॅलरीवर, रात्रभर. या झाडाला लाल व्हायला लांब आणि सलग अंधाऱ्या रात्री लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरपासून रात्री तेवढ्या लांब होतातच, फक्त मधे दिवा नको. खताचा इथे संबंधच नाही. आता ती रोज सहा वाजता कुंडीवर पत्र्याचा डबा पालथा घालते आणि सकाळी आठला काढते. या नाताळला उशीर झालाय, पण जानेवारीत लाल होईल असा माझा होरा आहे.

एकूण पाचपैकी तीन तारे. झाडांचे आणि माळीदादांचे तीन, पॅकिंगचा आणि काउंटरचा एकही नाही.

यंदा पाच कुंड्या सांगितल्यात, एक जावेला परत. फोनवर म्हटलं, चमकी कागद लावू नका. मुलगा म्हणाला, "लावला नाही तरी रेट तोच राहील, मॅडम." म्हटलं, चालेल.