चेन घरी, ब्रेक गॅरेजात: गाडीचं कोणतं काम कुठे करावं?

गाडी म्हणजे मोटरसायकल, रोजच्या वापरातली, 100-125 सीसीची, वॉरंटी संपलेली, असं धरून लिहितोय. वॉरंटी चालू असेल तर ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरलाच करा.

चेनचं काम मात्र वॉरंटी असो-नसो, घरचंच. सर्व्हिसिंगला गाडी काही हजार किलोमीटरनी जाते, चेनला तेल साधारण 500 किलोमीटरलाच लागतं, पावसाळ्यात त्याहून लवकर. तेवढ्यासाठी दर पंधरवड्याला गॅरेज गाठणं कुणालाच जमत नाही, म्हणून चेन कोरडी पडते. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन बंदच हवं. चालू इंजिनात चेनजवळ चिंधी नेली तर बोट जातं. ब्रशने चिखल काढा, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने तेल सोडा. मग खालच्या चेनला मधोमध बोट लावून वर-खाली करा: 20 ते 30 मिमी खेळ हवा. तीन-चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

चेन ताणताना मागच्या चाकाच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. आणि चाक मागे सरकलं की ड्रमवाला मागचा ब्रेक आपोआप कडक होतो, त्याचा नट थोडा सैल करावा लागतो. एका गॅरेजात माझ्या गाडीचं हे राहून गेलं होतं. दोन दिवसांनी ड्रमला हात लावला तर चटका बसला. घरी करताना शेवटी चाक फिरवून बघायला आपल्याकडे वेळ असतो.

ऑइल बदलण्यात फार पैसे वाचत नाहीत. फायदा एवढाच की आत काय पडलं ते कळतं. स्प्लेंडरसारख्या गाडीला 10डब्ल्यू-30 (ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) लागतं, साधारण 900 मिली. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) बघाच. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. धोका आहे तो जुनं ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टचा. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, लांब पान्याने जोर लावला की आटे गेलेच. बोल्ट आधी हाताने बसवा, मग बेताने आवळा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्या. हे सगळं करायला पार्किंगमध्ये जागा नसेल तर गॅरेजातच करा, पण सीलबंद डबा डोळ्यांसमोर फोडायला लावा.

टायरची हवा पंपावर, टायर थंड असताना.

डिस्क ब्रेक, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट), हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) यांना घरी हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. चेन चुकली तर आवाज येतो. ब्रेकच्या पाइपात हवा राहिली तर ते भर रस्त्यात, लिव्हर दाबल्यावर कळतं.