पावसात लाइन तुटते तेव्हा: झॅबिक्स, प्रोमिथियस की नेटडेटा?

दहा-पंधरा लिनक्स व्हीएम, म्हणजे एका खऱ्या यंत्रात चालणारी आभासी यंत्रं. बऱ्याचशा पणजीला पाटोवरच्या ऑफिसातल्या प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), दोन-तीन क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आणि एकेक काणकोण, पेडणे, फोंडा अशा शाखांत. सांभाळणारी माणसं दोन, त्यातलं एक चवथीला गावी गेलेलं. गोव्यातल्या मध्यम हॉटेल समूहाचं, पतसंस्थेचं किंवा वेर्ण्यातल्या कारखान्याचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. अशा ठिकाणी देखरेखीचं सॉफ्टवेअर निवडताना लोक आधी डॅशबोर्ड बघतात. प्रोमिथियसचे आकडे ग्राफमध्ये दाखवणारं ग्राफाना देखणं दिसतं, म्हणून प्रोमिथियस घ्या, असा निकाल लागून जातो.

मी पहिला प्रश्न दुसराच विचारेन. जुलैत काणकोणची लाइन चार तास गेली, तर त्या चार तासांचे आकडे कुठे राहतात? ते नंतर मिळतात की कायमचे जातात? या एका प्रश्नावर तिन्ही सॉफ्टवेअर एकमेकांपासून स्पष्ट वेगळी होतात. बाकी बहुतेक बाबतीत ती उन्नीस-बीसच आहेत.

कोण कोणाकडे जातं

प्रोमिथियस स्वतः फेरी मारतं. प्रत्येक व्हीएमवर नोड एक्सपोर्टर हा छोटा प्रोग्रॅम ९१०० या पोर्टवर (नेटवर्कवरच्या क्रमांकित दारावर) आकडे मांडून बसतो आणि मधला सर्व्हर ठरावीक अंतराने येऊन ते उचलून नेतो. ऑफिसच्या लॅनमध्ये ही पद्धत छान चालते. शाखेत अडचण येते, कारण तिथलं ब्रॉडबँड बहुधा सेवादात्याच्या नॅटमागे (एकच पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) असतं आणि बाहेरून आत शिरायला वाटच नसते. मग वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे खाजगी बोगदा, लागतो. ‘पोर्ट फॉरवर्ड करून टाकू’, म्हणजे राउटरवर बाहेरून आत वाट उघडू, हा मोह टाळा. नोड एक्सपोर्टर मुळात पासवर्डही विचारत नाही आणि टीएलएस एन्क्रिप्शनही वापरत नाही. तुमचं कर्नल कोणतं, डिस्क किती, इंटरफेस कोणते, हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला मिळेल.

झॅबिक्सला दोन्ही दिशा येतात. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर एजंटच्या (व्हीएमवर बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) १००५० पोर्टवर येतो. ॲक्टिव्ह पद्धतीत एजंट स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ वर जातो, म्हणजे शाखेच्या राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. फक्त मधल्या सर्व्हरवर एक पोर्ट उघडा आणि एजंटशी बोलणं प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच दिलेली गुप्त किल्ली) लावून एन्क्रिप्ट करा. नेटडेटाही बाहेरच्या दिशेने जातं. शाखेतला एजंट आपले आकडे १९९९९ पोर्टवरून ‘पॅरेंट’ म्हणून नेमलेल्या दुसऱ्या नेटडेटाकडे पाठवत राहतो.

चार तास लाइन नसेल तर

साध्या मांडणीतल्या प्रोमिथियसमध्ये ग्राफला भोक पडतं आणि ते भोक भरत नाही. लाइन नव्हती तेव्हा मेमरी संपली होती का, हे नंतर कळायला मार्ग नाही. उपाय म्हणजे शाखेतच एक छोटं प्रोमिथियस ठेवायचं आणि रिमोट राइटने आकडे मध्यावर पाठवायचे. पण रिमोट राइटलाही मर्यादा आहे: पलीकडचं टोक दोन तासांहून जास्त वेळ बंद राहिलं, तर न पाठवलेले आकडे वाया जातात. ते शाखेतल्या प्रोमिथियसच्या डिस्कवर असतात, मध्यावर मात्र पोचत नाहीत. पावसाळ्यात दोन तास म्हणजे काहीच नाही.

झॅबिक्सचं उत्तर आहे प्रॉक्सी. शाखेतल्या एका लहान व्हीएमवर प्रॉक्सी बसवली की ती आसपासच्या एजंटांचे आकडे गोळा करते, लाइन नसेल तर आपल्या डेटाबेसात धरून ठेवते आणि लाइन आल्यावर मागचं सगळं पाठवते. मात्र प्रॉक्सी ऑफलाइन बफर हे सेटिंग मुळात फक्त एका तासाचं असतं. पुष्कळ जण प्रॉक्सी बसवून निर्धास्त होतात आणि पहिल्या मोठ्या खंडानंतर ‘आकडे कुठे गेले?’ म्हणून शोधत बसतात. ते ७२० तासांपर्यंत वाढवता येतं. गोव्यासाठी मी ७२ तरी ठेवेन. शाखेत एकच व्हीएम असेल तर प्रॉक्सीचा खटाटोप नको. एजंट २ मध्ये आकडे डिस्कवर राखण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करताना तिचीही मुदत वाढवा, कारण तीसुद्धा तासाभराचीच आहे.

नेटडेटा या कसोटीवर सगळ्यात सहज उतरतं. प्रत्येक एजंट आपले आकडे आपल्याच डिस्कवर ठेवतो आणि पॅरेंट पुन्हा भेटला की राहिलेला तुकडा भरून देतो. तेही सेकंदा-सेकंदाचे आकडे.

बसवणं

बसवायला नेटडेटा सर्वांत सोपं. त्यांची किकस्टार्ट स्क्रिप्ट एका आज्ञेत काम उरकते आणि पुढच्याच मिनिटाला ग्राफ हलायला लागतात. वापराची माहिती बाहेर पाठवणं नको असेल तर तेवढा पर्याय स्क्रिप्टला आधीच द्यावा. इंटरनेटवरून आलेली स्क्रिप्ट थेट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवायची माझी तयारी नसते. आधी उतरवून वाचावी.

नोड एक्सपोर्टर ही एकच बायनरी आहे. तिला रूट लागत नाही आणि डेबियन-उबुंटूच्या भांडारात ती तयार मिळते. एजंटापुरतं इतकंच. पण मध्यावर प्रोमिथियस, अलर्ट पाठवणारा अलर्टमॅनेजर आणि ग्राफाना अशी तीन वेगळी कामं उभी राहतात. झॅबिक्समध्ये उलटं: एजंटासाठी त्यांचं रिपॉझिटरी पॅकेज आधी घालावं लागतं, आल्मालिनक्ससारख्या ठिकाणी एसईलिनक्सचे (लिनक्सच्या जादा सुरक्षा-नियमांचे) एक-दोन अडथळे निघतात, सर्व्हरला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो. मात्र एकदा उभं राहिलं की ग्राफ, अलर्ट, वापरकर्ते सगळं एकाच छपराखाली. सर्व्हर आणि प्रॉक्सी एकाच मोठ्या आवृत्तीच्या ठेवा. एजंट जुना असला तरी चालतो, सर्व्हरपेक्षा नवा मात्र नको.

व्हीएमच्या बाबतीत खरी गंमत क्लोनिंगमध्ये आहे. आपण एक टेम्प्लेट बनवतो आणि त्याच्याच प्रती काढतो. झॅबिक्सच्या एजंटाच्या फाइलमध्ये होस्टनेम या ओळीत ‘झॅबिक्स सर्व्हर’ असंच नाव लिहून आलेलं असतं. ते बदललं नाही, किंवा बदललेलं नाव तसंच क्लोन झालं, की ॲक्टिव्ह पद्धतीत दोन यंत्रं एकाच नावाने आकडे पाठवतात आणि सीपीयूचा ग्राफ करवतीसारखा दिसतो. ती ओळ काढून टाकली तर एजंट यंत्राचंच नाव घेतो. नेटडेटा आपली ओळख एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. टेम्प्लेट बनवण्याआधी ती पुसली नाही तर पॅरेंटला दोन्ही व्हीएम एकच वाटतात. प्रोमिथियस यंत्राला पत्त्याने ओळखतं, म्हणून इथे ते सुटतं.

आणखी एक: कुठलंही घ्या, पण सीपीयूचा ‘स्टील’ हा आकडा अलर्टमध्ये असू द्या. केव्हीएमवर (लिनक्सच्या व्हीएम चालवण्याच्या तंत्रावर), म्हणजे प्रॉक्समॉक्सवरही, व्हीएमला सीपीयू हवा असतो पण होस्ट तो दुसऱ्याला देत असतो, ती वाट बघणं या आकड्यात दिसतं. व्हीएमच्या आतून बघणारा उगाच ॲप्लिकेशनला दोष देत राहतो. मेमरीसाठी ‘फ्री’ बघू नका, ‘अव्हेलेबल’ बघा. लिनक्स रिकामी मेमरी कॅशमध्ये वापरतं, त्यामुळे ‘फ्री’ कायम भीतिदायकच दिसतं.

मागचा डिसेंबर

हॉटेलवाल्याला नोव्हेंबरात हमखास एक प्रश्न पडतो: गेल्या डिसेंबरात बुकिंगच्या सर्व्हरवर किती ताण होता, यंदा रॅम वाढवायची का? प्रोमिथियस काही न सांगता फक्त १५ दिवसांचे आकडे ठेवतं, म्हणजे मागचा डिसेंबर तिथे नसतोच. मुदत वाढवता येते आणि हिशेबही सोपा आहे. बारा व्हीएम, प्रत्येकीच्या हजार मालिका (वेगवेगळी मोजमापं), दर १५ सेकंदांनी एक फेरी, तर सेकंदाला ८०० नमुने. एका नमुन्याला दोन बाइट धरले तर १५ दिवसांना साधारण दोन जीबी, वर्षाला ५० जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने परवडण्यासारखं.

झॅबिक्स बारीक इतिहास वेगळा ठेवतं आणि तासाचे किमान, सरासरी, कमाल आकडे ‘ट्रेंड’ म्हणून मुळातच ३६५ दिवस राखतं. हंगामावर चालणाऱ्या धंद्याला तेवढं पुरतं. त्याबदल्यात डेटाबेसाची निगा तुमच्या गळ्यात पडते. व्हीएम शेकड्यांत गेल्या की पोस्टग्रेसवर टाइमस्केलडीबी (वेळेनुसार साठणाऱ्या आकड्यांसाठीची जोड) घ्यावं. नेटडेटा सेकंद, मिनिट, तास असे तीन थर ठेवतं, पण किती काळ ते दिलेल्या डिस्कवर आणि ठरवलेल्या मुदतीवर अवलंबून.

मग घ्यायचं काय

शाखा विखुरलेल्या, व्हीएम वर्षानुवर्षं त्याच आणि माणसं दोनच असतील तर झॅबिक्स, प्रॉक्सीसकट. दोन माणसांच्या संघासाठी त्याचं एस्कलेशन फार उपयोगी आहे: पहिल्याने १५ मिनिटांत दखल घेतली नाही तर निरोप दुसऱ्याकडे जातो. अलर्टमॅनेजरमध्ये असं काही नाही, त्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागते. यूपीएस आणि स्विचही एसएनएमपीवरून (उपकरणांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीवरून) त्यातच घेता येतात, आणि वीज गेली की नुसती लाइन, हे ओळखायला यूपीएसचा आकडा हाताशी असावाच.

पर्वरीत कोणी सॉफ्टवेअर बनवत असेल, कंटेनर (व्हीएमहून हलके, ॲप्लिकेशन चालवणारे डबे) तासागणिक जन्मत-मरत असतील, तर झॅबिक्सशी झटू नका, प्रोमिथियसच घ्या. त्याची प्रश्न विचारण्याची भाषा शिकायला वेळ लागतो, पण ‘याच वेगाने डिस्क चार तासांत भरेल का?’ असा अलर्ट त्यात एका ओळीत लिहिता येतो. नेटडेटा मी चार-पाच व्हीएमपर्यंत एकटं चालवेन. त्यापुढे ‘आत्ता नेमकं काय अडकलंय?’ बघायला दुसऱ्याच्या जोडीला. त्यांच्या क्लाउडच्या मोफत योजनेत यंत्रांवर मर्यादा आहे, ती आधी तपासा. नेगिऑस हे देखरेखीचं जुनं सॉफ्टवेअर आधीच चालू असेल तर घाईने उखडू नका. नव्याने मात्र मी ते उभारणार नाही.

यातलं काहीही लॉगची (यंत्रांनी लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदींची) जागा घेत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस राखायचे आहेत. त्यासाठी आरसिसलॉग किंवा लोकी वेगळं उभारा.

मधला सर्व्हर ऑफिसातल्या त्याच प्रॉक्समॉक्सवर ठेवलात, तर ऑफिसची वीज जाताना तोही जातो आणि कोणालाच निरोप मिळत नाही. म्हणून तो मुंबई रीजनमध्ये ठेवा आणि ऑफिसलाही एक शाखा समजून तिथे प्रॉक्सी बसवा. ते जमण्यासारखं नसेल तर बाहेर एका लहान व्हीएमवर अपटाइम कुमा हे छोटं देखरेखीचं सॉफ्टवेअर ठेवून त्याला फक्त या सर्व्हरवर नजर ठेवू द्या, आणि त्याचा निरोप ऑफिसच्या मेल सर्व्हरवर पाठवू नका.