थोरियम रीडर: ईपब असेल तर सुख, नसेल तर नशीब

मी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लावून कानांनी वाचतो. त्यामुळे अ‍ॅप दिसायला कसं आहे, हे मला विचारू नका. थोरियम हे ई-पुस्तकं वाचायचं अ‍ॅप पॅरिसच्या ईडीआरलॅब या संस्थेचं आहे, फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

आमच्या वाचनालयाचं त्रैमासिक ईपब (ई-पुस्तकाची फाइल) आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत येतं. ईपब थोरियममध्ये उघडलं आणि एच (पुढच्या शीर्षकावर नेणारी कळ) दाबत सुटलो: संपादकीय, अध्यक्षांचं मनोगत (लगेच पुन्हा एच), कथा, कविता. तळटिपेच्या दुव्यावर एंटर मारला की टीप कानावर. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर दिसेना, तर तिच्यासाठी अक्षर दुप्पट केलं. ओळी आपोआप मावल्या, पान डावी-उजवीकडे सरकवावं लागलं नाही.

पीडीएफची मात्र कथा वेगळी. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली ती फाइल. डोळस माणसाला पडद्यावर झकास मराठी दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. एनव्हीडीए बिचारा स्लॅश, डॉलर, कंस असं काहीबाही वाचत बसला. अशा फाइलपुढे कुठलंही अ‍ॅप काय करणार?

म्हणून अंक काढणाऱ्यांना सांगणं आहे: मजकूर युनिकोडमध्ये घ्या. वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करू नका, त्याला हेडिंगची स्टाइल द्या. नाहीतर ईपबमध्येही माझा एच मुकाच राहतो. चित्राला वर्णन द्या. आमच्या अंकात एका फोटोचं वर्णन चक्क ‘आयएमजी शून्य शून्य चार’ असं आहे! पीडीएफ द्यायचीच असेल तर वर्डमधून टॅग (शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला हे सांगणाऱ्या आतल्या खुणा) ठेवून सेव्ह करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलंत की हेडिंगं गेलीच म्हणून समजा. आणि दोन-चार पानांची सूचना असेल तर ईपबचाही खटाटोप नको, साधं वेबपान पुरतं.

थोरियमला साडेचार तारे. अर्धा कापला तो त्याच्या ‘मोठ्याने वाच’ सोयीसाठी: संगणकात मराठी आवाज बसवलेला नसेल तर ती मराठी पुस्तकाला काही कामाची नाही. मी एनव्हीडीएमधला ईस्पीकचा मराठी आवाज वापरतो. यांत्रिक आहे, पण वेग वाढवला की कादंबरी झपाट्यानं संपते.